अंधारातला हाक्या

जिल्ह्याचा तुरुंग, पाईन क्रॉसिंग, पेनसिल्व्हेनिया
१० ऑक्टोबर १९२२

पिएरिनाताई,

उभी असशील तर आधी खाली बस. मग रागव. मग पुढचं वाच.

मी तुरुंगात आहे. खून नाही, चोरी नाही, कुणाची पोरगी पळवलेली नाही. रॉबिन पकडले, अकरा. परवा रविवारी चर्चमधली मिसा बुडवून (त्याचं पाप वेगळं लिहिलं जाईल) खाणीमागच्या टेकडीवर गेलो. पक्षी चिकटवायचा लासा फासलेल्या काड्या झुडपात खोचल्या, माझ्या हाक्याचा, टेनॉरचा पिंजरा फांदीला टांगला आणि गवतात पालथा पडून राहिलो. काय गायला ताई तो! वरून थवा दक्षिणेला चालला होता, गाडी चुकेल अशा घाईत. टेनॉरनं एक हाक घातली आणि अख्खा थवा वळला. आपल्या बाबांचे हाक्ये पक्षीसुद्धा असे गात नसत. मी मनात मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळायला घेतलीसुद्धा होती, वर भाजलेले पक्षी, वर लोणी, वर सेजची पानं, आणि तेवढ्यात मागून आवाज, "हात वर!"

शिकारखात्याचा रखवालदार. त्याच्या कुत्र्याच्या तोंडाला माझाच लासा चिकटलेला, त्यामुळे कुत्राही चिडलेला. माझ्या खिशात बाबांची कलमं करायची सुरी निघाली, ती त्यानं पांढऱ्या रुमालावर अशी ठेवली की जशी काही संताची हाडं. टेनॉरला त्यानं हात लावला नाही. पिंजऱ्यातला पक्षी धरलेला नाही, पाळलेला आहे, असं म्हणाला. वाटेत दाजींच्या खाणीतला कुणीतरी भेटला, त्याच्या हाती पिंजरा पाठवला. पोचला ना?

दंड पक्ष्यामागे दहा डॉलर, नाहीतर डॉलरमागे एक दिवस. माझ्याकडे दिवसच आहेत. एकशेदहा.

पण कोर्टात मजा आली. न्यायाधीशानं विचारलं, शरदात रॉबिन गात नाहीत, मग तुझा कसा गातो? आता एवढ्या मोठ्या माणसाला ठाऊक नाही म्हटल्यावर मला राहवेना. मी सगळं सांगितलं. की आमच्या इटलीतल्या बेर्गामोकडचे लोक हाक्या पक्षी वसंतात तळघरात नेतात, खिडक्यांना काळं कापड मारतात आणि सगळा उन्हाळा त्याला अंधारात ठेवतात. शरदात बाहेर काढला की त्याला वाटतं आत्ताच वसंत लागला, आणि तो जीव तोडून गातो. माझ्या दाजींच्या तळघरात असे नऊ आहेत म्हणालो. त्यांतले काही गावातल्या अजून चार-सहा जणांचे. आत शिरायच्या आधी शीळ घालतो, नाहीतर पक्षी दचकून पिंजऱ्यावर डोकी आपटतात. सगळे मन लावून ऐकत होते. एक जण तर लिहून घेत होता. एवढ्या लोकांनी माझं बोलणं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

कोठडी भिंतीपासून भिंतीपर्यंत चार पावलं. मला एका जागी बसवत नाही हे तुला ठाऊक आहे, दोन वर्षांत सहा राज्यं झाली माझी. म्हणून फेऱ्या मारतो. टोलेडोला सर्कशीत हत्तींना गवत घालायचो तेव्हा एक म्हातारी हत्तीण अशीच झुलायची, साखळीएवढी पुढं, साखळीएवढी मागं. मला वाटायचं नाचते. असो. हिशेबानं मी आत्ता ओहायोच्या हद्दीपाशी आलो असेन. सोबतीला एक स्लोव्हाक आहे. घोरतो, पण मनाचा चांगला.

पत्रं सिन्योर प्रेमोली वाचून मग सोडतो. तोच, जहाजाची तिकिटं विकणारा, आता कोर्टात दुभाष्या झालाय. नमस्कार सिन्योर प्रेमोली! तब्येत काय म्हणते?

आईला कळवू नकोस.

तुझा गिल्दो


एल्डर नॉच
१५ ऑक्टोबर १९२२

गिल्दो, गाढवा,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. बसायला वेळ कुणाला आहे.

टेनॉर पोचला. बोर्तोलोनं, तुझ्या दाजींनी, त्याला परत अंधारात ठेवलंय. "पोरगा सुटून येईल तेव्हा गाईल," म्हणाले. तुझ्यावर रागावले नाहीत. मी त्यांचाही वाटा रागावून घेतला.

आता ऐक, मजा कशी पुढं गेली ते. मी ज्यांच्या घरी स्वयंपाक करते ते मिस्टर कॉरिगन विधानसभेला उभे आहेत हे तुला सांगितलं होतं. मंगळवारी मी सूप घेऊन दिवाणखान्यात गेले, तर हा आरशासमोर उभा. एका हातात दोऱ्यात ओवलेले मेलेले रॉबिन, दुसऱ्या हातात बाबांची सुरी. कोर्टातून मागून आणलेली. सरकारी वकील त्याचा शाळेपासूनचा दोस्त, कोण नाही म्हणणार? आणि आरशाला सांगत होता, "हे लोक बोटीतून उतरतात तेव्हा यांच्या एका हातात गाठोडं असतं आणि दुसऱ्या हातात ही! आज यांनी आपली गाणारी पाखरं मारली. उद्या गाणारी पोरं!" मग तुझं नाव घ्यायला गेला, एर्मेनेजिल्दो झाम्बेल्ली. तीनदा अडखळला. शेवटी कागदावर काट मारली आणि म्हणाला, "तो सुरीवाला".

माझ्या हातातलं सूप सांडलं. तो फार चांगुलपणानं म्हणाला, "पेरीना, घाबरू नकोस. तू वेगळी आहेस. मी तुझ्याबद्दल बोलत नाहीये."

पाच वर्षं झाली या घरात. माझं आडनाव त्यानं कधी विचारलं नाही. मी तुझी बहीण आहे हे त्याला ठाऊक नाही आणि कळता कामा नये. खाणीत आठवड्यातले तीनच दिवस काम आहे, घर माझ्या पगारावर चाललंय. सिन्योर प्रेमोली, हे तुम्ही वाचताय. तुमच्या बायकोच्या बाळंतपणात बावीस दिवस कोण राबलं ते आठवा आणि तोंड मिटून ठेवा.

बाजारात आता बायका झगे सावरून माझ्यापासून लांब उभ्या राहतात. कुणी म्हणतं खाणीतल्या मुकादम प्रोथेरोचं डोकं गेल्या महिन्यात फुटलं तेही आपल्यातल्याच कुणी फोडलं, 'काळा हात' म्हणतात त्या इटालियन खंडणीखोरांच्या टोळीनं. खुद्द प्रोथेरोची बायको मासळीवाल्याजवळ म्हणाली होती की तो पिऊन जिन्यावरून पडला. पण जिन्याविरुद्ध कोण भाषण करणार?

फेऱ्या कमी मार, बूट झिजतील. दुसरे नाहीत तुझ्याकडे.

पिएरिना


पाईन क्रॉसिंग
१९ ऑक्टोबर १९२२

ताई,

स्लोव्हाकला हलवलं. घोरणारं कुणी नाही म्हणून झोप येत नाही, बघ गंमत.

काल सरकारी वकील आला होता. मला सिगारेट दिली. बरोबर प्रेमोली आणि एक कागद, दोन पानी, टाईप केलेला. सही केली तर शनिवारी नाहीतर बुधवारी सोडतो म्हणतात. राहिलेले दिवस माफ. पुढं जानेवारीत एकदा कोर्टात येऊन "होय, हे मीच सांगितलं" म्हणायचं, बस.

नाही केली तर मग प्रोथेरोचं डोकं माझ्या नावावर. मी म्हणालो, सुरीनं डोकं फुटत नाही. वकील म्हणाला, "सुरीच्या मुठीनं फुटतं." हसला. मग म्हणाला, चार-पाच वर्षं इथं आणि नंतर थेट बोट, परत अमेरिकेचं नाव नाही.

कागदात काय आहे? तळघराचंच आहे. मी कोर्टात बोललो तेच, थोडं वाढवून. इंग्रजीत आहे. प्रेमोलीनं वाचून दाखवलं. सगळं इथं लिहीत नाही, लांबण होईल.

दाजी बरे आहेत ना? गेल्या हिवाळ्यात मी बफलोहून तापानं फणफणत आलो होतो तेव्हा त्यांनी मला स्टेशनापासून पाठीवर आणलं होतं. बर्फात दोनदा पडले. तुला सांगितलं होतं का त्यांनी? मला शपथ घातली होती सांगू नको म्हणून, कारण त्यात तुझी अंडी फुटली होती. आत्ताच का आठवलं कोण जाणे.

ताई, मी सही करू का नको? तू सांग. तू सांगशील ते करीन. काल मी फेऱ्या मारल्या नाहीत. दिवसभर दाराकडे बघत बसलो.

गिल्दो


एल्डर नॉच
२२ ऑक्टोबर १९२२

गिल्दो,

विचारायचं काय त्यात? कर सही!

तुझी अक्कल खरंच त्या हत्तिणीबरोबर टोलेडोला राहिली. तळघरात पक्षी आहेत हे खरं आहे, तू ते भर कोर्टात ओरडून सांगितलंस, आता तेच कागदावर सही करायला लाज कसली वाटते? थोडं वाढवलं असेल तर वाढवू दे. वकील लोक वाढवतातच, त्याचेच पैसे घेतात. फार तर पक्षी नेतील. बोर्तोलोला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पक्षी पुन्हा मिळतील. पोरगा चार वर्षं चार पावलांत राहिला तर वेडा होईल. सही कर म्हणावं, माझ्या नावानं सांग." हे त्यांचे शब्द आहेत, मी एकही वाढवलेला नाही.

आणि अंड्यांचं मला तेव्हाच कळलं होतं. त्यांच्या कोटाच्या पाठीवर बलक वाळला होता.

सही कर आणि घरी ये. बाकी मग बघू.

पिएरिना


एल्डर नॉच
२६ ऑक्टोबर १९२२

गिल्दो, सही करू नकोस.

हे पत्र कॉरिगनच्या छापील पाकिटातून येतंय, म्हणजे प्रेमोली उघडणार नाही. त्याच्या आईनं, म्हाताऱ्या मिसेस कॉरिगननं, स्वतः वर पत्ता लिहिलाय. कसं ते सांगते. मला भराभर लिहायला हवं.

आज सकाळी मी टेबल पुसत होते. एक टाईप केलेला कागद होता. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आपलं आडनाव कुठल्याही भाषेत ओळखू येतं. लोकातेल्ली. बोर्तोलो लोकातेल्ली. चार ठिकाणी. मी कागद एप्रनखाली घालून माडीवर म्हातारीकडे नेला. तिच्या खोलीत रोज दहा वाजता मी चहा नेते. ती चष्मा लावून वाचायला लागली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी.

त्यात लिहिलंय की बोर्तोलो लोकातेल्ली हा काळ्या हाताचा म्होरक्या आहे. त्याच्या तळघराच्या खिडक्यांना काळं कापड आहे. तिथं माणसं एकेक करून शीळ घालून शिरतात, अंधारात शपथ घेतात, आणि प्रोथेरोचं डोकं फोडायचं तिथंच ठरलं. हे सगळं मी, एर्मेनेजिल्दो झाम्बेल्ली, डोळ्यांनी पाहिलं.

गिल्दो, तुला प्रेमोलीनं हे वाचून दाखवलं होतं. तू मला "थोडं वाढवून" म्हणालास. मी ते बोर्तोलोला वाचून दाखवलं आणि त्यांनी सही कर म्हटलं! असो, ते भांडण तू आल्यावर.

म्हातारीनं कागद घडी करून मांडीवर ठेवला. म्हणाली, "लोकातेल्ली तुझा कोण?" मी म्हटलं, नवरा. "आणि हा पोरगा?" भाऊ.

तिनं चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "खाली माझा लेक आरशासमोर ओरडतो ना, ते भाषण मला पाठ आहे, पोरी. पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या भावाबद्दल. तेव्हा सुरीच्या जागी पिस्तूल होतं, आणि तुमच्या जागी आम्ही. आयरिश माणूस बोटीतून दारू आणि पिस्तूल घेऊन उतरतो, कोळशाच्या गावांत यांच्या गुप्त टोळ्या आहेत, यांना फासावर चढवल्याशिवाय देश सुरक्षित नाही. माझा मायकेल एकोणीस वर्षांचा होता. आमच्यातल्याच एकानं कागदावर सही केली. मायकेलला चढवलं, सही करणाऱ्याला सोडलं."

मी विचारलं, "त्याचं पुढं काय झालं?"

"पुढं मी त्याच्याशी लग्न केलं. मला ठाऊक नव्हतं. मरताना सांगितलं त्यानं. छत्तीस वर्षं तो माणूस दाराकडे तोंड करून जेवला. मला वाटायचं सवय आहे."

मी म्हटलं, "मिस्टर कॉरिगनना हे सांगा की! बापाचं ऐकून तरी थांबतील."

म्हातारी हसली. "फिनियनला? तो आणखी मोठ्यानं बोलेल. कुणी मागे वळून त्याच्या घराकडे बघू नये, म्हणूनच तर तो तुमच्याकडे बोट दाखवतो." मग माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या भावाला लिही. कोठडीत बसलेला एक दिवस सुटतो. सही केलेला सुटत नाही."

मी रविवारचं पत्र लिहिलं ते मला ठाऊक नसताना लिहिलं. ते फाडून टाक. सही करू नकोस.

पिएरिना


ईरी, पेनसिल्व्हेनिया
५ नोव्हेंबर १९२२

ताई,

सुटलो! बुधवारी पंचवीस तारखेला दुपारी. बाहेर आल्यावर एवढा उजेड होता की मी पाच मिनिटं भिंतीला धरून उभा राहिलो.

तुझ्याकडे यायचंच होतं, पण एक मालगाडी सरळ समोर उभी होती आणि तिचं दार उघडं. तू मला ओळखतेस. आता इथं ईरीला तळ्याकाठी मासे साफ करायच्या शेडमध्ये लागलोय. तळं म्हणजे समुद्रच. परवा इथं एक माणूस भेटला, तो म्हणे कॅलिफोर्नियात संत्री इतकी पडतात की डुकरांना घालतात. मी म्हटलं मग डुकरांना लिंबू कोण देतं, तर तो चिडला. तिकडे जाईन म्हणतो, हिवाळा तरी उबदार जाईल.

तुझं पत्र मिळालं होतं, बावीस तारखेचं. ज्या दिवशी सही केली त्याच दिवशी सकाळी. तू म्हणालीस म्हणून, आणि दाजी म्हणाले म्हणून. तुम्ही दोघं म्हणालात.

दाजी ठीक आहेत ना? टेनॉर? मला इथल्या मोठ्या पोस्टात माझ्या नावानं लिही, मी विचारत राहीन. फार लिहू नकोस. दोन ओळी लिही, सगळे ठीक आहेत एवढंच.

इथं जेवायला बाकं भिंतीला लावलेली आहेत, सगळ्यांची पाठ दाराकडे. मी आपला उभ्यानंच खातो.

गिल्दो


एल्डर नॉच
१३ नोव्हेंबर १९२२

गिल्दो,

दोन ओळींत मावणार नाही.

सव्वीस तारखेचं माझं पत्र परत आलं. "कैदी गेला" असं पाकिटावर लिहून. नशीब माझं की पोस्टमननं ते म्हातारीच्याच हातात दिलं. सोबत तेच पाठवते. वाच. एक दिवस, गिल्दो. मी ते एका दिवसानं उशिरा लिहिलं.

एकोणतीस तारखेला, रविवारी, मिसा सुटून आम्ही घरी येत होतो. दारात पोलीस, कॉरिगनचे चाळीस-पन्नास लोक, दोन वार्ताहर. बोर्तोलो म्हणाले, "किल्ली देतो की, दार कशाला तोडता?" त्यांना दार तोडायचंच होतं. फोटोवाला आलेला होता. आत मेणबत्त्या सापडल्या. दफनाच्या वर्गणीची वही सापडली, तिच्यातली सव्वीस नावं. आणि काळोख. मग कुणीतरी बाहेरून कुऱ्हाडीनं खिडकीच्या फळ्या फोडल्या, कापड ओढलं, आणि ऊन एकदम आत पडलं.

नऊच्या नऊ पक्षी एका दमात गायला लागले. टेनॉर सगळ्यांत पुढं. एवढी माणसं, कुऱ्हाडी हातात, आणि कुणाला सुचेना काय करावं. एका पोलिसानं हातातली मेणबत्ती हळूच खाली ठेवली. माझ्या मनात आलं, आता हे हसतील. आता कुणीतरी हसेल आणि सगळं संपेल. बोर्तोलोसुद्धा हसले होते जरा.

कोण हसणार होतं? दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'टोळीनं इशारे देण्यासाठी पक्षी शिकवून ठेवले होते'. कॉरिगननं ते चार सभांत वाचलं. सात तारखेला तो निवडून आला, अकराशे मतांनी.

बोर्तोलो आता तू होतास त्याच तुरुंगात आहेत. खटला सोमवारी, पंधरा जानेवारीला. तू येऊन "होय" म्हणणार आहेस असं त्यांना सांगितलंय. मी भेटायला गेले तर काय म्हणाले असतील? "पोरगा सुटला ना? बरं झालं." आणि मग, "माझ्या नावानं सांग म्हणालो होतो मी. माझंच नाव होतं त्यात." एवढं बोलून हसले. मला हसता आलं नाही.

त्या दिवशी पोलिसांनी पिंजरे उघडून पक्षी सोडून दिले. सगळे उडाले. टेनॉर सफरचंदाच्या झाडावर जाऊन बसला. संध्याकाळी बघते तर रिकाम्या पिंजऱ्याच्या टपावर. हाकललं तरी जाईना. तूच नेहमी म्हणायचास ना, हाक्या पक्षी मूर्ख असतो, दार उघडं ठेवलं तरी परत येतो. आता तो माझ्या खिडकीत आहे. दार उघडंच असतं.

मी अजून कॉरिगनकडेच स्वयंपाक करते. त्याला अजून ठाऊक नाही; छाप्यात तो स्वतः नव्हता, आणि त्याच्या लोकांनी स्वयंपाकघरातलं तोंड कधी पाहिलेलं नाही. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, आणि मला दुसरीकडे कोण ठेवणार? विजयाच्या मेजवानीला मी बावीस माणसांचं मटण भाजलं. त्यांनी सुरीनं कापलं आणि खाल्लं.

मी तुला ये म्हणणार नाही. एकदा मी सांगितलं ते तू केलंस. आता पुन्हा सांगायचा मला हक्क नाही. येऊन तू "नाही, हे खोटं आहे" म्हणालास, तर प्रेमोली म्हणतो तुझ्यावर खोट्या शपथेचा खटला, तुरुंग आणि मग बोट. न येता राहिलास तर नुसता कागद वाचतील, आणि बोर्तोलोला तेवढा पुरेल असं तोच म्हणतो. हे त्यानं मला जिन्यात थांबवून सांगितलं. रडत होता. बाळंतपण आठवलं असेल.

पिएरिना


एल्डर नॉच
२३ डिसेंबर १९२२

गिल्दो,

पत्र ईरीहून परत आलं नाही, म्हणजे तू ते नेलंस. उत्तर नाही, म्हणजे तू ते वाचलंस.

आईला लिहिलं की तू कॅलिफोर्नियात संत्री तोडतोस. थंडी फार आहे, पायात काहीतरी घाल.

पि.


स्क्रँटन स्टेशन
१२ जानेवारी १९२३

ताई,

वाचलं. तेरा तारखेचं पत्र मी अठरा नोव्हेंबरला घेतलं. खिशात आहे, सोबतच्या सव्वीस तारखेच्या पत्रासकट. घड्यांवर फाटलंय. तेवीस डिसेंबरचं आत्ता येताना ईरीला मिळालं.

त्यानंतर मी क्लीव्हलंडला होतो. मग टोलेडो. सर्कस हिवाळ्यापुरती बंद होती, पण हत्तीण तिथंच होती, शेडमध्ये. मला ओळखलं नाही तिनं. मग इंडियानात एका शेतावर. मग परत टोलेडो. कॅलिफोर्नियाची गाडी तीनदा समोरून गेली, दार उघडं असलेली. मी चढलोच नाही. पूर्वी मला गावं मागं टाकताना बरं वाटायचं. आता कुठंही गेलो तरी ते चार पावलांचंच निघतं. दार कुठं आहे ते आधी बघतो, मग बसतो. म्हातारीच्या नवऱ्याचं पुन्हा वाचलं तेव्हा मी इंडियानात रस्सा खात होतो. मान वर केली तर समोर दार.

खरं सांगतो, आता प्रेमोली वाचत नाही. त्यानं कागद वाचून दाखवला तेव्हा दाजींचं नाव मी स्वच्छ ऐकलं होतं. चारही वेळा. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मला कुणीतरी कर म्हणायला हवं होतं. तुझ्या पत्रावर बोट ठेवून मी सही केली, खरंच, डाव्या हातानं पत्र धरलं होतं. तेव्हा तू एक दिवस उशिरा लिहिलंस वगैरे मनात आणू नकोस. तू वेळेवर लिहिलं असतंस तरी मी ते उशिरा उघडलं असतं.

कोर्टात ऐकलं तसं माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी बोलत सुटलो होतो. सोमवारी पुन्हा ऐकतील. या वेळी थोडक्यात सांगीन. तळघरात पक्षी होते. शीळ पक्ष्यांसाठी होती. कागद खोटा आहे, सही माझी आहे. एवढी तीन-चार वाक्यं मी गाडीत पाठ केली, इंग्रजीत, म्हणजे दुभाष्या लागणार नाही. समोर बसलेल्या बाईला म्हणून दाखवली. ती जागा बदलून बसली.

त्यानं दाजी सुटतील की नाही मला ठाऊक नाही. मीच खोटारडा ठरलो तर माझी आत्ताची गोष्ट तरी कोण खरी मानणार? कॉरिगनला भाषणाला नवीन माल मिळेल, 'सुरीवाला उलटला' म्हणून. त्या वेळी सूप सांडू नकोस. आणि माझी बहीण म्हणून कोर्टात येऊ नकोस. कामावर जा. मी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही.

पण उद्या संध्याकाळी मागच्या दारानं येईन, एक दिवस तुझ्याकडे. पोलेंता कर, पक्ष्यांशिवाय. मला दाराकडे पाठ करून बसव, आणि तू समोर बस.

टेनॉरला मूर्ख म्हणायचो ते मागे घेतो. त्याच्यासाठी इथून बाजरी घेतलीय. पायात बूट आहेत, काळजी नको, हत्तिणीच्या माहुतानं दिले. एक नंबर मोठे आहेत. त्याचं नाव सांगायचं राहिलं, फार गमतीदार माणूस, पण गाडी लागलीय. तुझ्या बाजूची.

गिल्दो